१,६०० फेऱ्या

स्वाहिलीत हिशेबनिसाला ‘म्हासिबु’ म्हणतात. टांझानियाच्या पूर्व उसाम्बारा डोंगरावर पोचलो त्या दिवशी चहाच्या कारखान्याच्या फाटकात म्हाताऱ्या रखवालदाराने मला या शब्दाने हाक मारली आणि मी चमकलोच. हिशेब, हेसाबु, म्हासिबु. अरबस्तानातून निघालेला एकच शब्द गलबतात बसून इकडे आमच्या वेंगुर्ल्याला उतरला आणि तिकडे टांगाच्या बंदराला. मी सावंतवाडीकडचा. घरापासून इतक्या लांब येऊन पहिल्याच दिवशी ओळखीचा शब्द भेटला, तोही आपल्याच धंद्याचा, म्हणून मला बरं वाटलं.

ही १९९८ ची गोष्ट. पुढची सात वर्षं मी तिथे चहाच्या मळ्याची खतावणी लिहिली. खुडलेल्या पानाचं वजन, त्यावरची मजुरी, पानं सुकवायला लागणारं निलगिरीचं जळण, डिझेल, पोती. पक्षी या सगळ्यात कुठेच नव्हते. एका पक्ष्याने ते आत आणले.

कचेरीच्या मागे चहाची शेवटची ओळ संपली की लगेच जंगल सुरू होई. मध्ये कुंपण नाही, रस्ता नाही. गुडघाभर हिरवा गालिचा आणि त्याच्या काठावर चाळीस मीटरची झाडं. सकाळी सातच्या सुमारास तिथून आगगाडीसारखा आवाज येई. वाफेच्या इंजिनाच्या भाता-श्वासासारखा, फस्स फस्स. पहिल्यांदा ऐकला तेव्हा कारखान्यातलं काहीतरी बिघडलं म्हणून मी बाहेर धावलो. वरून दोन मोठे काळे पक्षी चालले होते, चोचीवर पिवळट शिरस्त्राण, पाठीचा मागचा भाग पांढरा. आमच्याकडे माडगरुड म्हणतात त्याच कुळातले. पुस्तकी मराठीत धनेश. स्वाहिलीत होंडोहोंडो. या जातीचे गाल चंदेरी, म्हणून मी आपला त्याला चंदेरी धनेश म्हणत आलो.

धनेशाची वीण कोकणातल्या माणसाला सांगायला नको. मादी झाडाच्या ढोलीत शिरते, दार आतून लिंपून घेते, एक फट ठेवते आणि अंडी-पिलं होईस्तोवर त्या कोठडीत राहते. नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवतो. उसाम्बाराचा चंदेरी धनेश लिंपायची मातीसुद्धा स्वतः आणतो. ती गिळून नेतो आणि ढोलीशी लाळेत मळलेल्या गोळ्या उलटून काढून मादीच्या चोचीत देतो. एका नराबद्दल पक्ष्यांच्या पुस्तकांत एक आकडा येतो, तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पेन खाली ठेवलं: १२० दिवसांच्या विणीत अंदाजे २४,००० फळं, १,६०० फेऱ्यांत.

दुसरा कोणी वाचून ‘वा’ म्हणाला असता. मी भागाकार केला. फेरीला पंधरा फळं. दिवसाला तेरा फेऱ्या आणि थोडं वर. रविवार धरून. मग साहजिकच पुढचा प्रश्न आला: ही रोजकीर्द लिहिली कोणी? कारण असा आकडा कोणी दुर्बिणीतून सहज बघून सांगत नाही. त्याच्यासाठी कोणीतरी झाडाखाली बसावं लागतं, पहाटेपासून अंधारापर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा.

या शोधात मी अमानीला पोचलो. मळ्यापासून डोंगरातल्या डोंगरात तासाभराची वाट.

अमानी म्हणजे स्वाहिलीत शांतता. समुद्रसपाटीपासून नऊशेएक मीटरवर, सकाळभर धुक्यात बुडालेलं हे गाव आहे. १९०२ साली जर्मनांनी इथे शेती आणि जीवशास्त्राची संशोधनसंस्था काढली. फ्रांझ श्टुलमान तिचा पहिला प्रमुख. त्याआधी दहा-पंधरा वर्षं त्यांनी याच डोंगरावर जंगल तोडून कॉफी लावून पाहिली होती आणि ती फसली होती. उंच, हिरवीगार झाडं बघून माती कसदार असणार असं त्यांनी धरलं; पण इथली सुपीकता मातीत थोडी आणि झाडापाल्यात जास्त. झाड गेलं की कस पावसाबरोबर खाली. संस्था निघाली ती काय पिकेल हे नीट तपासायला. जगभरातून रोपं आली: सिंकोना, साग, कापूर, दालचिनी. सुमारे तीनशे हेक्टरांत पसरलेली ती बाग अजून उभी आहे, आणि तिच्यातून चालताना मध्येच सागाचं पान पायाखाली कुरकुरलं की मला क्षणभर आंबोली घाटाच्या पायथ्याशी असल्यासारखं वाटे.

१९१४ च्या नोव्हेंबरात मुंबई बंदरातून निघालेली ब्रिटिश-हिंदी फौज टांगाला उतरली आणि जर्मनांकडून सपाटून मार खाऊन परतली. झाडांवरची मधमाश्यांची पोळी गोळीबाराने उठली आणि सैनिकांवर तुटून पडली, अशी त्या लढाईची कथा टांगात आजही सांगतात. समुद्राची वाट बंद झाल्यावर अमानीच्या शास्त्रज्ञांनी स्वतःच्या सिंकोनाच्या सालीपासून सैन्यासाठी कोयनेल केलं. १९१६ त डोंगर ब्रिटिशांच्या हाती गेला. काही वर्षं संस्था नुसतीच पडून होती. मग तिचं पूर्व आफ्रिकेचं शेती संशोधन केंद्र झालं, आणि १९२८ साली तिच्या कचेरीत एक माणूस रुजू झाला.

रेजिनाल्ड अर्नेस्ट मॉरो. जन्म १८९७. शास्त्राची पदवी नाही. सरकारी नोकरीची परीक्षा देऊन लष्कराच्या हिशेबतपासणी खात्यात लागलेला. तरुणपणीच सांधेदुखीने धरलं, म्हणून कोरड्या हवेसाठी कैरोला बदली मागून घेतली. पक्ष्यांचा नाद तिथे लागला. वाळवंटात पक्षी बघत फिरताना एक तरुणी भेटली, ती मग बायको झाली. तिचं माहेरचं आडनाव बर्ड. विनिफ्रेड बर्ड. हे मी रचून सांगितलं असतं तर संपादकांनी कापलं असतं.

तर हा माझाच जातभाई निघाला. अमानीच्या ग्रंथालयात त्याचे जुने लेख चाळताना ते पानोपानी कळत होतं. निसर्गप्रेमी माणूस ‘पुष्कळ’, ‘क्वचित’, ‘अधूनमधून’ असे शब्द वापरतो. मॉरो तास आणि फेऱ्या लिहितो. घरट्यावर अमुक वाजता नर आला, अमुक वेळ थांबला, गेला. पुढची फेरी अमुक मिनिटांनी. आवक, जावक, वेळ, सही. वरवर पाहिलं तर कोणत्याही वखारीची वही. त्याचा गाजलेला निष्कर्षही अशाच बेरजेतून आला. विषुववृत्ताजवळच्या आफ्रिकेतले पक्षी युरोपातल्या भावंडांपेक्षा एका वेळी कमी अंडी घालतात, हे त्याने १९४४ साली शेकडो जातींच्या नोंदी मांडून दाखवलं. का, यावर पक्षिशास्त्रज्ञ पुढे कैक वर्षं भांडले.

इथे मला राहवत नाही म्हणून एक आडवळण. मॉरो डोंगरावर घरटी मोजत होता त्याच सुमारास, १९३० साली, नोकरी गेलेला एक माणूस अलिबागजवळच्या किहीमला सासुरवाडीच्या बंगलीत राहून विहिरीवरची सुगरणीची घरटी मोजत होता. सलीम अली. मॉरोपेक्षा सहाएक महिन्यांनी मोठे. सुगरणीचा नर अर्धवट घरटी बांधून माद्यांना दाखवतो, पसंत पडलं की पुरं करतो आणि लगेच दुसरं बांधायला घेतो, हे त्यांनी तिथेच शोधलं. लेख १९३१ साली छापून आला. आणि १९३१ सालीच लंडनच्या संग्रहालयात स्क्लेटर नावाच्या तज्ज्ञाने उसाम्बाराच्या डोंगरातल्या एका नव्या सुगरणीचं बारसं केलं. नाव दिलं निकॉल याचं. निकॉल म्हणजे गिझाच्या प्राणिसंग्रहालयातला अधिकारी, मॉरोच्या इजिप्तच्या दिवसांतला, आणि तोवर वारलेला. एकाच समुद्राच्या दोन काठांवर दोन बिनपदवीची माणसं एकाच कुळातला पक्षी वहीत उतरवत होती.

बारशांबद्दल बोलायचं तर या डोंगरांत मॉरो पावलोपावली भेटतो. अमानीच्या जंगलातला लांब चोचीचा शिंपी त्याच्या नावाचा, तोही १९३१ चा. एक शिंजीर त्याच्या नावाचा. दक्षिणेकडच्या उलुगुरु डोंगरातला एक लाजरा, तांबूस डोक्याचा वटवट्यासारखा पक्षी त्याने १९३८ साली बायकोच्या नावावर केला. आणि अमानीचं मोठं घुबड आधीच, जर्मनांच्या वेळी, तिथल्या फॉसेलर नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाच्या नावे लागलं होतं. सातबाऱ्यावर नावं चढावीत तशी ही नावं पक्ष्यांवर चढली.

पण माझा प्रश्न वेगळा होता. झाडाखाली बसलं कोण?

मॉरोला दिवसभर कचेरी होती. सांधे धरलेले होते. तो चार महिने ढोलीसमोर बसू शकत नव्हता, हे उघड आहे. उत्तर लेखांतच मिळतं: पगारी निरीक्षक. गावातली आफ्रिकी माणसं, आळीपाळीने. त्यांना वेळ सांगता यावी, पक्षी ओळखता यावा, न आलेली फेरी लिहू नये, एवढी शिस्त त्याने लावली आणि त्यांच्या नोंदींवर भरवसा ठेवला. त्यांतला मुख्य माणूस सलिमू अस्मानी. जंगलात आवाजावरून पक्षी ओळखणारा, घरटी शोधणारा, नमुने आणणारा. मॉरो त्याचं नाव घेतो, हेही त्या काळाच्या मानाने नोंदवण्यासारखं आहे; बाकीचे बरेच साहेब ‘माझा पोऱ्या’ म्हणून मोकळे होत. तरीही पक्ष्यांच्या आजच्या कुठल्याही खिशातल्या पुस्तकात मॉरो सापडतो, सलिमू भेटायला जुने लेखच उघडावे लागतात.

दूर झांबियात एक अपवाद घडला. जाली माकावा नावाचा पक्षी मिळवणारा इतका निष्णात होता, की १९६४ साली सापडलेल्या एका चिमुकल्या तांबटाला त्याचं नाव दिलं गेलं. त्या पक्ष्याचा तो एकमेव नमुना. त्यानंतर तो पुन्हा कोणाला सापडलेला नाही. नाव लागलं ते अशा पक्ष्याला, जो हजेरीलाच येत नाही.

या डोंगरांची रांग एकट्या उसाम्बाराची नाही. केनियातल्या ताइता टेकड्यांपासून टांझानियाच्या दक्षिणेपर्यंत धनुष्यासारखी वाकलेली, तुटक तुटक डोंगरांची साखळी आहे. पूर्वेची कमान म्हणतात तिला. खडक फार पुराणे. हिंदी महासागराची वाफ थेट येऊन आदळते, त्यामुळे खालचा मुलूख सुकला तरी माथ्यावरचं रान लाखो वर्षं ओलं राहिलं. प्रत्येक डोंगर म्हणजे कोरड्या माळाच्या समुद्रातलं एक बेट. अशा बेटांवरचे पक्षी एकमेकांचे नातलग कसे, एका डोंगरावर असलेला पक्षी मधले चार डोंगर सोडून पाचव्यावर कसा, हे कोडं मॉरोने आयुष्यभर सोडवलं. थंडीच्या युगांत ही रानं खाली उतरून एकमेकांना भिडली असणार, असा त्याचा मुद्दा. लांब चोचीचा शिंपीच घ्या: उसाम्बारात आहे, आणि मग एकदम शेकडो किलोमीटर दक्षिणेला मोझांबिकमध्ये. मधे कुठे नाही.

याच कमानीतल्या उद्झुंग्वा डोंगरात १९९१ साली काही डॅनिश शास्त्रज्ञांचा तळ पडला होता. रात्रीच्या जेवणाच्या भांड्यात त्यांना दोन अनोळखी पाय दिसले. कोंबडीचे नव्हते. चौकशी केली, शोध घेतला, आणि शास्त्राला सर्वस्वी नवा असा एक तितर हाती लागला. त्याचे जवळचे नातेवाईक आफ्रिकेत नाहीतच. ते हिमालयात आणि आग्नेय आशियातल्या डोंगरी रानांत आहेत. केव्हातरी दोन्ही खंडांतली जंगलं जोडलेली होती त्याची ती जिवंत पावती. मला मात्र त्या गोष्टीत भांडंच जास्त आवडतं. ज्याने तो पक्षी शिजवला त्याला तो पक्षी माहीत होता.

मॉरो १९४६ त इंग्लंडला परतला, ऑक्सफर्डला गेला, ‘आयबिस’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकाचा चौदा वर्षं संपादक राहिला, १९७० साली वारला. शेतीचं केंद्र केनियात हललं. अमानीत मलेरियाचं संशोधन आलं. जंगलाकडे लक्ष ठेवणारं फारसं कोणी उरलं नाही.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस करवती आल्या. स्वतंत्र टांझानियाला लाकूड हवं होतं, फिनलंडची मदत होती, यंत्रं होती. टांगातल्या गिरणीसाठी पूर्व उसाम्बाराच्या उतारांवरून मोठे सोट ओढून नेले जाऊ लागले. ट्रॅक्टरच्या वाटांवरून पावसाळ्यात माती वाहिली. बोंब झाली ती पक्ष्यांच्या नावाने कमी आणि पाण्याच्या नावाने जास्त: सिगी नदी याच डोंगरातून उगवते आणि टांगा शहर तिचंच पाणी पितं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात यंत्रांची तोड थांबली. त्यानंतर त्याच फिनलंडच्या पैशातून संरक्षणाचा प्रकल्प चालला. एकाच खात्यावर आधी नावे, मग जमा. मी असा व्यवहार बघितला की आधी तारखा तपासतो. इथे तारखा बरोबर होत्या आणि माणसंही बहुतेक प्रामाणिक होती.

तोडलेल्या जागा भरल्या त्या मुळात इथल्या नसलेल्या एका झाडाने. मेसॉप्सिस. युगांडाकडचं हे झाड जर्मनांच्या काळात अमानीच्या बागेत आलं, झपाट्याने वाढतं म्हणून नंतरच्यांनीही लावलं. फांद्या तुटून उजेड पडला की तिथे मेसॉप्सिस उगवायचं. बी कोण नेतं? होंडोहोंडो. ती काळी-जांभळी फळं त्याला आवडतात. दिवसाला तेरा फेऱ्या करणारा आमचा प्रामाणिक नोकर परक्या झाडाचं बी जंगलाच्या आतल्या आत पेरत होता. हे वाचल्यावर मी दोन दिवस त्याच्यावर नाराज होतो. मग वाटलं, त्याने काय करावं? बाजारात जे फळ आलं ते त्याने उचललं.

१९९७ साली, मी येण्याच्या आदल्या वर्षी, अमानीचं निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर झालं: सुमारे ८,३८० हेक्टर, या प्रकारचं टांझानियातलं पहिलं. जुनी सरकारी राखीव जंगलं, ती जर्मन बाग आणि चहाच्या मळ्यांच्या ताब्यातलं हजारभर हेक्टर जंगल एकत्र झालं. सिगीला जर्मनांनी लाकूड वाहायला अरुंद रुळांची गाडी आणली होती. तिच्या स्टेशनमास्तरचं लाकडी घर आता येणाऱ्यांना माहिती देण्यासाठी वापरतात. अमेरिकेतले विल्यम न्यूमार्क १९८७ पासून इथल्या जंगलाच्या लहान-मोठ्या तुकड्यांत बारीक जाळी लावून पक्षी पकडत, कडी घालून सोडत होते. त्यांच्या वह्यांतून दिसलं की झुडपांतले पक्षी छोट्या तुकड्यांतून एकेक करून नाहीसे होतात. जंगल उभं दिसतं, आत हजेरी कमी. चहाचा शंभर पावलांचा उघडा पट्टासुद्धा त्यांतल्या काहींना ओलांडता येत नाही. म्हणजे आमचा गालिचा.

आणि आता माझी चूक. दर तिमाहीला माझ्या टेबलावर एक व्हाउचर येई: ‘हद्दीवरची वेल-झुडपं साफ करणे, मजूर इतके, दिवस इतके.’ चहावर सावली नको, रानडुकरांना लपण नको, म्हणून जंगलाच्या काठावरचं वेलींचं जंजाळ कोयत्याने छाटून टाकत. मी सही करत गेलो. पाच वर्षं, वीस व्हाउचरं. मग कोणीतरी सांगितलं, मॉरोचा तो लांब चोचीचा शिंपी उंच जंगलाच्या आत फार रमत नाही. उजेडाच्या काठाला, वेलींच्या गुंत्यात राहतो. अनेक दशकं तो क्वचितच दिसला होता, आणि पुढे जिथे सापडू लागला त्या जागांत चहाचे काठही होते. जगात मोजक्याच ठिकाणी उरलेल्या पक्ष्याचं घर मी मजुरीच्या खात्यावर, वेळच्या वेळी, बिनचूक छाटत होतो. एकविसावं व्हाउचर मी घेऊन साहेबांकडे गेलो. साहेब पंजाबी, भला माणूस. त्याने विचारलं, “शिंप्याने किती किलो पान खुडलं?” हसलो दोघंही. पण छाटणी जंगलाच्या बाजूने दहा पावलं मागे घ्यायला तो कबूल झाला, खर्च कमी होतो म्हणून. मी खर्चाचीच बाजू मांडली होती.

वेलदोड्याची गोष्ट इतकी हसण्यावारी जाणारी नाही. स्वाहिलीत त्याला इलिकी म्हणतात, आपल्या इलायचीचाच भाऊ. डेरेमाच्या पट्ट्यात, अमानीच्या राखीव रानाला उत्तरेकडच्या जंगलांशी जोडणाऱ्या खिंडीसारख्या भागात, शेकडो शेतकरी मोठ्या झाडांच्या सावलीत वेलदोडा लावत. वरून पाहिलं तर जंगल. खाली झाडोरा साफ केलेला. काही वर्षांनी जमीन थकली की वेलदोडा जातो, केळी-कसावा येतो, मग सावलीचीही गरज राहत नाही. हा पट्टा तुटला असता तर दोन जंगलं दोन बेटं झाली असती. म्हणून तो राखीव करायचा ठरला आणि भरपाईसाठी वेलदोड्याचं एकेक झुडूप मोजायला घेतलं.

ती मोजणी मी एकदा पाहिली आहे. दोन कारकून, एक फडका बांधलेली काठी, मागे घरचा धनी आणि त्याची बायको. कारकून आकडा म्हणे, बायको दुसरा आकडा म्हणे. त्याने परत मोजावं. ती प्रत्येक झुडपाला हात लावून पुढे जात होती, कोवळ्या रोपालाही. कारकुनाच्या मते ते अजून पीक नव्हतं. हद्दीच्या रेषेवरच्या झुडपांना आधी जो दर मिळाला त्याच्या मानाने नंतर आतल्या झुडपांना फारच कमी मिळाला, पैसे यायला वर्षं लागली, आणि शेतकऱ्यांची ती तक्रार मी तिथून निघेपर्यंत मिटली नव्हती. पक्ष्यांची वाट वाचली ती या झुडपांच्या खात्यावर. संरक्षणाच्या चकचकीत अहवालांत कॉरिडॉर हा शब्द येतो. त्या बाईचा हात कुठे येत नाही.

२००५ साली परतायच्या आधी मला एकदा स्वतः रोजकीर्द लिहायची होती. फाटकावरच्या त्या म्हाताऱ्याला, त्याला सगळे म्झे म्हणत, म्हणजे वडीलधारे, त्याला धनेशाची ढोली माहीत होती. वर्षअखेरीचा लहान पाऊस सुरू होता. पहाटे सहाला आम्ही झाडासमोर बसलो: मी वही, घड्याळ आणि थर्मास घेऊन, तो काठी घेऊन. पहिली फेरी सहा चाळीसला. नर फांदीवर बसला, मान मागे टाकली, घशातून एक फळ चोचीच्या टोकाशी आणलं, फटीत घातलं. मग दुसरं. मी मोजत होतो: नऊ, दहा, अकरा. फटीतून मादीच्या चोचीचं टोक तेवढं दिसे. फळं संपल्यावर त्याने खाली सालीचा एक तुकडा टाकला आणि तो वाफेच्या इंजिनासारखा निघून गेला.

दुपारी डास, मग सर, मग ऊन. मला पेंग येत होती. संध्याकाळी अंधारलं तेव्हा माझ्या वहीत नऊ फेऱ्या होत्या. मॉरोच्या हिशेबाने फार कमी. मी म्झेंना म्हटलं, आज याने कामचुकारपणा केला.

“अकरा,” ते म्हणाले. “एक तुम्ही चहा ओतत होता तेव्हा. एक पाऊस आला तेव्हा, तुम्ही वही पोटाशी धरून खाली बघत होता.”

मला त्या दोन्हींच्या वेळा हव्या होत्या. त्यांच्याकडे घड्याळ नव्हतं. सूर्य कुठे होता ते त्यांनी काठीने दाखवलं. मी अंदाजाने वेळ घातली आणि खाली, दोन रकमांचा मेळ बसला नाही की लिहितात तशी, बारीक अक्षरात नोंद केली: प्रत्यक्ष ९, अधिक २, साक्ष रखवालदार. मग ते नऊ खोडले आणि वर अकरा लिहिले.